बाळंतपणाला निघालेली पर्यटक

बाळंतपण हे पर्यटन असतं, असं समोरच्या वहिनींनी मला सांगितलं तेव्हा मी दोरीवर चादर वाळत घालत होते. चादर अर्धी दोरीवर राहिली, अर्धी माझ्या खांद्यावर, आणि मी तशीच वहिनींकडे बघत उभी.

"फिरायला चाललेय, एवढंच म्हणायचं," वहिनी म्हणाल्या. त्या नेहमी कानात सांगितल्यासारखं सांगतात, पण खालच्या मजल्यालाही ऐकू जाईल अशा बेताने. "बाळंतपण करायला चाललेय म्हणालात की संपलं. ते काम झालं. पाहुण्यांच्या व्हिसावर काम चालत नाही."

"लेकीचं बाळंतपण म्हणजे काम?"

"त्यांच्यात असतं तसं."

'त्यांच्यात असतं तसं' याच्यापुढे माणसाने काय बोलावं! वहिनींची नणंद परदेशात असते, त्यामुळे आमच्या जिन्याचं परराष्ट्र खातं त्यांच्याकडेच आहे.

खरं तर गोष्ट एवढीशी होती. माझी लेक परदेशात, पहिलटकरीण, आणि डॉक्टरांनी तिला होता होईल तेवढं पडून राहायला सांगितलेलं. मग आईने जायचं. बॅग भरायची आणि निघायचं. मी बॅग माळ्यावरून काढून पुसून उन्हातसुद्धा ठेवली होती. मला वाटलं होतं व्हिसा म्हणजे एक शिक्का. असला तर जायचं, नसला तर मारून घ्यायचा. पण व्हिसाच्याही पोटजाती असतात हे मला या वयात कळलं.

माझी लेक गेली ती विद्यार्थ्यांच्या व्हिसावर. शिक्षण संपलं, लग्न झालं, आणि ती एकदम नवऱ्यावर 'अवलंबित' झाली. वर्गात कायम पहिली आलेली माझी मुलगी, शाळेत असताना चौकातल्या दुकानदाराकडून भांडून जादा घेतलेले पैसे परत आणणारी, आणि सरकारी कागदावर 'अवलंबित'! तो शब्द वाचून मला कानशिलात बसल्यासारखं झालं होतं. जावई कामगारांच्या व्हिसावर. हा व्हिसा त्याच्या नोकरीच्या खुंटीला टांगलेला. रजा मागावी तर नोकरी रुसते आणि नोकरी रुसली की व्हिसा रुसतो. म्हणजे एकाच पलंगावर दोन तऱ्हेचे व्हिसे झोपतात, आणि त्यातल्या एकाने कूस बदलली की दुसरा खाली पडतो. त्यामुळे जावई दिवसभर कामावर, आणि माझी लेक दिवसभर छताकडे बघत एकटी.

वरच्या मजल्यावरच्या काकांना आम्ही 'सर्वज्ञ' म्हणतो. हे त्यांना माहीत आहे आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. ते एकदा विमान बदलायला एका परदेशी विमानतळावर काही तास बसले होते.

"त्यालाही व्हिसा लागला मला," ते आमच्या खुर्चीत बसत म्हणाले. "वेगळा असतो तो. नुसतं बसायचा."

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. चर्चा सुरू झाल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच रस दाखवला होता. "नुसतं बसायचा व्हिसा असतो? मग माझा तोच काढा."

हेही यायचे होते. त्यांना एकटं घरी ठेवून जाण्यापेक्षा बरोबर नेणं सोपं, असा माझा हिशेब. सामान एकाच जागी राहिलेलं बरं.

मग एजंट. बाजारात फोटोकॉपीच्या दुकानामागे एक पडदा आहे, त्या पडद्यामागे हा बसतो. वयाने माझ्या लेकीएवढा, पण माणसाकडे असा बघतो की आपण आत्ताच कुठून तरी पळून आलोय असं वाटावं.

"काकू, परत का येणार?" त्याने पहिलाच प्रश्न टाकला.

"कुठून?"

"तिथून. तुम्ही परत येणार याला पुरावा काय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पडद्याकडे बघितलं. आयुष्यात मला कोणी विचारलं नव्हतं की बाई, तू घरी का जातेस. भाजी आणायला गेले, परत आले. माहेरी गेले, परत आले. न येण्याचा पर्याय असतो हे कळलं असतं तर निदान एकदा विचार तरी केला असता!

"घर आहे माझं इथे," मी म्हणाले.

"कुलूप लावलं की घर राहतं आपलं आपण."

"कुंड्या आहेत."

"काकू, भावना नकोत. पुरावे द्या."

ही बातमी जिन्यावर फुटायला वेळ लागला नाही. सर्वज्ञ काकांनी ठरवलं की माझ्यावाचून इमारतीचं पान हलत नाही हे फोटोने सिद्ध करायचं. सगळे बिऱ्हाडकरू पायऱ्यांवर उभे केले. माझ्या शेजारी कोण उभं राहणार यावरून वहिनी आणि तळमजल्यावरच्या बाईंचं वाजलं. जिन्याचा दिवा कोणी फोडला तो जुना विषय निघाला, आणि फोटो निघाला तेव्हा दोघी एकमेकींकडे बोट दाखवत होत्या, काका मधे हात पसरून उभे होते आणि मी डोळे मिटलेले. एजंटने फोटो नीट निरखला आणि परत केला.

"हा नको जोडायला," तो म्हणाला. "यावरून उलट तुम्ही पळून का चाललात ते कळतं."

शेवटी कागद लागले, ते कुठून कुठून आणले, आणि मुलाखतीचा दिवस आला. वहिनींनी माझी रात्रंदिवस तयारी करून घेतली होती. तिथे एक तळं आहे, एक जुना पूल आहे, एक वस्तुसंग्रहालय आहे. मला ते बघण्याची लहानपणापासून ओढ आहे. घरी काय करता? काही नाही. तिथे काय करणार? काही नाही, फिरणार. "काही नाही हे हसत म्हणायचं," वहिनी म्हणाल्या होत्या, "म्हणजे खरं वाटतं."

वकिलातीत काचेपलीकडे साहेब, आणि त्याच्या बाजूला चष्मा लावलेली दुभाषी बाई. पहिला नंबर ह्यांचा लागला.

"तिथे जाऊन काय करणार?"

"काही नाही," हे म्हणाले.

"इथे काय करता?"

"निवृत्त आहे. काही नाही."

"स्वयंपाक येतो?"

"छे!"

साहेबाने ह्यांच्याकडे बघितलं आणि त्याची खात्री पटली. इतका निर्मळ पर्यटक त्याने पाहिला नसावा. ह्यांचं काम झालं. हे मागच्या बाकावर जाऊन बसले, चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचं तेज.

मग मी. तळं सांगितलं, पूल सांगितला. दुभाषी बाईंनी त्यांच्या भाषेत भराभर सांगितलं. साहेबाने कागद चाळले.

"मुलगी गरोदर आहे?"

"आहे. पण तो योगायोग आहे," मी म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि ते जसंच्या तसं न सांगता पुढे गेल्या. भली बाई.

"तुम्ही घरी काय करता?"

मी हसले. "काही नाही."

इथे सगळं संपायला हवं होतं. शिक्का पडायला हवा होता. पण मागच्या बाकावरून आमचे हे ताडकन उठले. त्यांना वकिलातीत येताना काही पढवायची गरज नाही, असं मला वाटलं होतं. ती माझी चूक.

"काही नाही? काही नाही काय?" हे काचेजवळ आले. "साहेब, ही संकोचाने बोलतेय. हिचं मनावर घेऊ नका."

ह्यांची सगळी नोकरी हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल लिहिण्यात गेली. त्यांना वाटलं, इथे माझी बढती अडलीय. त्यांनी घसा साफ केला.

"अत्यंत कार्यक्षम आहे. सगळ्यांच्या आधी उठते. स्वयंपाक, धुणं, बाजार, आजारी माणसाचं सगळं. माझी आई अंथरुणाला खिळली होती, तर हिने एकटीने तिला शेवटपर्यंत सांभाळलं. मूल हिने एकटीने वाढवलं, मी तर कचेरीत असे. सांगितलेलं काम तर करतेच, न सांगितलेलं आधी करते. तुम्ही बिनधास्त पाठवा. मुलीला काडी उचलू देणार नाही ही!"

मी सुन्न झाले. आमच्या सबंध संसारात या माणसाने माझ्याबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता. जेवताना बोलले नाहीत तर चांगलं झालंय असं धरायचं, हा आमच्याकडचा रिवाज. आणि आता बोलत होते तर परदेशी साहेबासमोर, दुभाषी बाईंच्या मार्फत, सरकारी यंत्रावर नोंद होत. साहेब टाइप करतच होता. त्या वेळी ह्यांचा हात धरून मागे ओढायला हवं होतं, कळत होतं मला. वहिनींचं तळं आणि पूल डोळ्यांसमोरून वाहून चालले होते. पण खरं सांगू? मला ते थांबू नयेत असं वाटत होतं.

आणि हे थांबले. आठवेना त्यांना पुढे.

"आणि टाकी," मी म्हणाले. "गच्चीवरची पाण्याची टाकी. ती पण मीच धुते."

साहेबाने टाकीही टाइप केली. मग तो दुभाषी बाईंशी बराच वेळ बोलला.

"साहेब म्हणतात," बाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या कामाबद्दल त्यांना फार आदर वाटतो. म्हणूनच हा व्हिसा तुम्हाला देता येत नाही."

आम्ही घरी परतलो. हे जिन्यात फक्त एवढंच म्हणाले, "मी तर चांगलंच सांगत होतो." आणि ते खरं होतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

एजंटने मात्र हार मानली नाही. "काम म्हणाले ना? मग कामाचाच काढू. घरकामगारांचा असतो. तुमची मुलगी तुम्हाला नोकरीवर ठेवणार."

तो त्याचे नियम वाचून दाखवत होता तेव्हा मी ऐकतच राहिले. घरकामगाराला ठरलेले तास. आठवड्याला एक सुट्टी. आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली. मालकाने नोकराशी आदराने बोलणे बंधनकारक. आजारी पडल्यास विश्रांती. मी त्याला ते परत वाचायला लावलं. इतकं सगळं असतं, आणि मी इतकी वर्षं नुसत्या बायकोच्या व्हिसावर राहिले!

"सुट्टी?" हे म्हणाले. "मग त्या दिवशी जेवण?"

रात्री लेकीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती खूप दिवसांनी खळखळून हसली. "आई, म्हणजे मी तुझी मालकीण! थांब, आदराने बोलते. मातोश्री, आपण जेवलात का?"

"जेवले, बाईसाहेब."

"आपली भांडी घासून झाली का?"

ती हसत होती, मीही हसत होते, आणि मधेच तिचा आवाज बंद झाला. मला वाटलं फोन कटला.

"आई," ती म्हणाली, "मला भीती वाटते गं. तू कधी येशील?"

त्यावर मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. आईने अशा वेळी काहीतरी म्हणायचं असतं, तेच म्हणाले असेन.

दुसऱ्या दिवशी एजंटला मागच्या मालकाची माहिती हवी होती. आधी कुठे काम केलं, अनुभव किती. मागचा मालक म्हणून त्याने ह्यांनाच समोर बसवलं.

"कामाचे तास काय होते यांचे?"

"तास?" हे विचारात पडले. "मी उठतो तेव्हा काम चालू असतं."

"आणि संपतं कधी?"

"मी झोपतो तेव्हाही चालूच असतं."

"सुट्ट्या?"

"एकदा घेतली होती. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा." मग ते थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पण त्याही दिवशी जाण्याआधी हिने माझा डबा भरून ठेवला होता. मी तो कचेरीत नेऊन खाल्ला."

 बाहेर फोटोकॉपीचं यंत्र खडखडत होतं.

"नोकरी सोडण्याचं कारण?" एजंटने विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.  "सोडतेस का?"

तर तेही जमलं नाही. एजंटने वर विचारून सांगितलं की जावयाचा स्वतःचाच व्हिसा तात्पुरता, आणि तात्पुरत्या माणसाला घरकामगार ठेवता येत नाही. पाहुण्यांचा परत मागायचा तर आता काही महिने थांबणं आलं. बाळ थांबणार नव्हतं. मी त्याच्या खुर्चीत तशीच बसून राहिले. तेवढ्यात त्याने पेनने ह्यांच्याकडे खूण केली.

"काकांचा व्हिसा आहे की!"

मी हसले. खरंच हसले. मग बघितलं तर कोणीच हसत नव्हतं.

त्या आठवड्यात आमच्या दिवाणखान्यात जे झालं ते शत्रूवरही येऊ नये. उशीला टॉवेलात गुंडाळून ह्यांच्या हातात दिलं. त्यांनी ती फाइल धरतात तशी काखेत धरली. बिऱ्हाडकरू दारात गर्दी करून बघत होते.

"मान! भावोजी, मान!" वहिनी ओरडत.

"उशीला मान कुठे असते?"

"जिथे तुम्ही धरलेली नाही तिथे!"

सर्वज्ञ काकांनी बाळाची अंघोळ या विषयावर भाषण दिलं, आणि तुम्हाला स्वतःला मुलं किती असं कोणी विचारल्यावर विषय बदलला. उशी बादलीत पडली. दुसरी उशी पडली. मी गॅसजवळ उभं राहून ह्यांना साधी डाळ शिजवायला शिकवत होते. हे एकेक गोष्ट कचेरीतल्या परिपत्रकासारखी ऐकत होते आणि मला एकच चिंता, हा माणूस माझ्या लेकीच्या घरी जाणार. तिला आधीच एक बाळ होणार आहे. दुसरं मी विमानात बसवून पाठवतेय.

विमानतळावर हे वळूनही न बघता आत गेले. मग परत आले. मला वाटलं काहीतरी बोलायचं असेल. "ढेकर काढायला उभं धरायचं की आडवं?" त्यांनी विचारलं.

"उभं," मी म्हणाले. ते गेले.

पहिले काही दिवस फोन सारखा वाजे. मीठ किती, पाणी किती, ताप तळहाताने बघायचा की हाताच्या पाठीने. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सगळं सांगे, आणि डोळ्यांपुढे लेकीचं घर जळालेलं, बुडालेलं दिसे. मग फोन कमी झाले. ही शांतता मला अजिबात आवडली नाही. एका दुपारी वाजला.

"मुलगी झाली," हे म्हणाले. "दोघी छान आहेत. जावईबापू तिच्याजवळ आहेत, मी घरी आलोय. ठेवतो, सूप उतू जाईल."

आणि ठेवला. मी फोन कानाला तसाच लावून बसले. नात झाली याचा आनंद आधी झाला की ह्यांनी सुपासाठी माझा फोन ठेवला याचा धक्का आधी बसला, हे मला आजही सांगता यायचं नाही. मी रडत होते एवढं नक्की. वहिनी धावत आल्या, त्यांना वाटलं काही अशुभ घडलं. "सूप," एवढंच मला बोलता आलं.

पुढे तर कहर झाला. हे मला फोनवर शिकवायला लागले. बाळाला दुपारी जास्त गुंडाळू नये, असं असतं. आपल्या वेळी आपण उगाच घाई करायचो. 'आपण'! आमच्या वेळी हे बाळाच्या खोलीत आले तेव्हा बाळ शाळेत जात होतं. आणि एके दिवशी लेक म्हणाली, "आई, बाबांचा मुक्काम वाढवून मिळतो का, एजंटला विचारशील? त्यांच्या हातावर ती पटकन झोपते."

"बरं," मी म्हणाले. "आणि मी?"

"तू पण ये ना!"

तो फोन ठेवल्यावर मी वर जाऊन टाकी धुतली. ती स्वच्छच होती.

मुदत झाल्यावर मी परत अर्ज केला. काचेपलीकडे तोच साहेब, त्याच दुभाषी बाई. या खेपेला मी वहिनींकडून काही पाठ करून गेले नव्हते. खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं.

"बाळाचं कोण करतं?"

"आजोबा."

"स्वयंपाक?"

"तेच."

साहेबाने यंत्रात काहीतरी शोधलं. ह्यांचा फोटो वर आला असणार, कारण तो आधी नुसता बघत राहिला आणि मग चष्मा काढून हसायला लागला. बाईंनाही हसू आवरेना.

"साहेब म्हणतात, ह्या गृहस्थांना काही येत नाही अशी नोंद आहे. तेव्हा ते जे करतात ते काम धरता येणार नाही." मग त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही कशाला जाताय?"

मी विचार केला. दूध पाजायला लेक होती, झोपवायला आजोबा होते. माझ्या वाट्याचं तिथे काय शिल्लक होतं?

"बघायला," मी म्हणाले. "आणि जमल्यास नवऱ्याला परत आणायला."

साहेबाने शिक्का मारला.

लेकीच्या दारात मी पोचले. अख्ख्या प्रवासात मी ठरवून ठेवलं होतं की आधी लेकीला पोटाशी धरायचं, मग बाळाला. दार लेकीनेच उघडलं. गाल भरले होते तिचे. छताकडे बघत पडलेली ती माझी मुलगी आता दारात सरळ उभी होती. मी तिला घट्ट धरलं आणि तिच्या खांद्यावरून आत बघितलं. आतल्या खोलीतून हे आले. खांद्यावर टॉवेल, टॉवेलवर मूठभर डोकं, आणि ह्यांचा हात बरोबर त्या मानेखाली. मी पुढे झाले आणि दोन्ही हात पसरले.

हे एक पाऊल मागे सरले.

"प्रवासातून आलीयस," ते म्हणाले. "आधी हात धू."

मी लेकीकडे बघितलं. ती ओठ चावून भिंतीकडे बघत होती. मी मुकाट्याने न्हाणीघरात गेले, नळ सोडला, आणि ओल्या हातांनी इकडे बघ, तिकडे बघ. साबण कुठेच दिसेना.

"आरशामागे!" बाहेरून ह्यांचा आवाज आला, हळू, बाळ झोपलंय अशा बेताने. "खालच्या फळीवर. आणि झालं की परत तिथेच ठेव हं."